दोनदा

शारजात, सहा नंबरच्या इंडस्ट्रियलमध्ये
बँकेने भंगारात काढलेले मॉनिटर
पाठ उघडी टाकून ओळीने बसलेत.

मुकादमचाचा सांगायचे, मंडणगडकडचे,
बोटं तंबाखूपेक्षा सोल्डरने पिवळी:
प्लग काढला म्हणजे मेला, असं धरू नको.
काचेच्या पोटात वीज बसून असते,
देणं विसरलेल्यासारखी नाही रे,
येणं लक्षात ठेवणाऱ्यासारखी.

अंगठी काढ. घड्याळ काढ.
डावा हात खिशात, आणि तिथंच.
वायरचा चिमटा आधी चौकटीच्या पट्टीला,
मग पेचकसाचं टोक रबरी टोपीखाली
सरकव. घाई नको.

टच्च.

आता चहा पिऊन ये, आणि परत एकदा.
ती मागून पुन्हा भरते.

व्हिसा संपवून चाचा गेले.
बाकावर त्यांचा खडू अजून आहे: *दोनदा*.

शुक्रवारी धाकट्याला फोन केला.
खळ्यामागच्या जमिनीचं मिटलंय म्हणून
पाच वर्षं मी निर्धास्त.
आधी पोरांच्या परीक्षा, मग आंब्याचा भाव,
मग तो म्हणाला, "सही तू केलीस,
मला विचारलं होतंस?"

बाहेर पन्नास डिग्री, एसीचं पाणी ठिबकत होतं.
मी म्हटलं, चहा घेतो, परत लावतो.

फोन ठेवला तेव्हा पाहिलं,
डावा हात खिशात होता.