अठरावी चिठ्ठी

रविवारी एल्गोइबार गावात तीनच गोष्टी चालू :
चर्च, पुलाजवळचा बार,
आणि अर्रिओलांच्या कारखान्यातला कॉम्प्रेसर.
त्याला सुट्टी द्यायचं कुणाला सुचलंच नाही.

गारबिन्ये कुलूप काढते, दिवे लावत नाही.
अंधारात गळती नीट ऐकू येते.
हातात साबणाच्या पाण्याची डबी, दाढीचा जुना ब्रश.
ऑफिसनं दिलेलं महागडं श्रवणयंत्र गळ्यात,
पण आधी ती नुसतीच उभी राहते,
मूल कुठल्या खोलीत कुरकुरतंय
याचा अंदाज घ्यावा तशी.

फुस्स.
तिसऱ्या खांबाशी, कपलिंगपाशी.
साबण लावताच फुगा धरतो,
फुटतो, पुन्हा धरतो.
कुठे तरी गॅस जाळून
हवा दाबली, तापली, नळीत भरली,
आणि इथे परत हवेतच सोडून दिली.
ती पिवळी चिठ्ठी बांधते : तारीख, भोक दीड मिलिमीटर.
थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात.
रितंही ते तसंच होतं.

सतरा चिठ्ठ्या बांधून झाल्यावर
सात नंबरचं लेथ.
बाकी सगळी झोपलेली, हे टक्क जागं.
कूलंट वाहतंय, स्पिंडल फिरतोय संथ,
जबड्यात नग नाही.
मीटर लावला : साडेतीन किलोवॅट,
शुक्रवार रात्रीपासून, काहीच न करण्याचे.

सोमवारी ती शाबिनला गाठते.
सदतीस वर्षांचा कातारी, उजव्या कानानं बहिरा.
तो रागावत नाही. हात पुसत राहतो.
"थंड लेथ खोटं बोलतं, पोरी.
बारा मायक्रॉन सरकतं, कळतसुद्धा नाही.
पहिले चाळीस नग भंगारात.
ते पोलाद वितळवायला काय लागलं होतं,
तेही लिही की तुझ्या वहीत."

ती लिहिते.
घरी जाऊन त्या आकड्याकडे बघत बसते.
जेवण निवतं.

पुढच्या सोमवारी पहाटे चारला
ती गार लेथपुढे स्टुलावर, डायल लावून.
दर पाच मिनिटांनी कॅलेंडरच्या पाठीवर एक टिंब.
काटा सरकतो, सरकतो, रेंगाळतो.
चाळिसाव्या मिनिटाला थांबतो.
पन्नासाव्यालाही तिथेच.
म्हणजे दोन रात्री आणि दोन दिवस नव्हे,
चाळीस मिनिटं.

सहाला शाबिन येतो.
कॅलेंडर वाचत नाही,
तळवा ठेवतो हेडस्टॉकवर,
तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
पहिला नग कापतो. मोजतो. पुन्हा मोजतो.
"हं," म्हणतो.
तेवढंच.

शुक्रवारी पाळी सुटते.
घड्याळाचा टायमर सोमवार पहाट सव्वापाचला लावलेला,
तरी शाबिन स्विचपाशी घुटमळतो.
मग खटकन बंद करतो.
पंप थांबतो. स्पिंडल
स्वतःच्याच वजनानं दोन फेऱ्या जास्त घेतो,
आणि शांतता इतकी, की गारबिन्ये जाकीट घालता घालता थबकते.
पण आधी हलतो तो शाबिन.
बोट जिभेवर ओलं करून
लेथच्या मागे, भिंतीच्या फटीत हात घालतो,
जिथे आजवर आवाजावर आवाज झाकला गेला होता.
ओलं बोट गार पडतं.

"चिठ्ठी आहे का एखादी?" तो विचारतो.