वाढल्यास

चौदा वर्षांत पहिल्यांदाच
कागद माझ्या हातात आधी आला.
कोडची एक ओळही लिहिण्याआधी,
क्लायंटला तारीख कबूल करण्याआधी.

अंबडचं ऑफिस, दुसरा मजला, एप्रिल.
निमसे एकसुरी वाचत होते:
'नदीची पातळी वाढल्यास
दुकानदारांना मेसेज जावा.'
आणि लगेच पुढची ओळ.

मी म्हटलं, थांबा.
वाढल्यास म्हणजे किती?

निमसेंनी चष्मा काढला.
कोड लिहिणारी रेवती हसली,
'अहो, अजून काही बनलंच नाही,
मोडायला काय आलात?'

खरं होतं तिचं.
मला बोलावतात ते रामकुंडावर,
पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागल्यावर.
तिथे उभी राहून मी बग मोजते
आणि कोरड्या जागेवरून सगळे विचारतात,
आधी का नाही सांगितलं?

आज मला धरणावर आणलंय.
दरवाजे अजून बंद आहेत.
म्हणून विचारून घेते:
पातळी मोजायची कुठे,
गंगापूरला की होळकर पुलाखाली?
रात्री दोनला टॉवरच बंद पडला, तर?
एक दुकान, तीन भाऊ, दोघांत बोलणं नाही,
नंबर कुणाचा घ्यायचा?
आणि पाणी ओसरल्यास?
त्याचं कागदात अक्षर नाही.
नुसतं 'पळा' म्हणणार आपण,
'या आता' कोण म्हणणार?

भांडी बाजारातले गायधनी
मेसेजची वाट बघत नाहीत.
मारुतीची पावलं बुडाली
की खालच्या फळीवरचे तांबे वर,
गुडघे बुडाले की घंगाळी माळ्यावर,
कमरेला लागलं की शटर, कुलूप, घर.
सगळी रिक्वायरमेंट त्यांना तोंडपाठ आहे,
त्यांना विचारायला कुणी गेलेलं नाही.

मीटिंग दीड तास लांबली.
तारीख चार दिवस पुढे गेली,
तीही माझ्याच नावावर.
झालीच नाही त्या चुकीला
नंबर देता येत नाही;
वर्षाच्या शेवटी फॉर्ममध्ये
काय भरायचं, बघू.

निमसेंनी 'वाढल्यास'वर काट मारली
आणि शेजारी जागा मोकळी सोडली.

जिन्यात रेवतीने गाठलं.
'मारुतीचा गुडघा
जमिनीपासून किती फुटांवर येतो?'

मला सांगता येईना.
जन्म पंचवटीतला, तरी येईना.

तिने ड्रॉवरमधून टेप आणली.
माझी स्कूटर, मागे ती.
नदी तळाला होती,
मारुतीचे पाय कोरडे.
टेपचं एक टोक मी धरलं.