एकोणीस दिवस

तेर्झियन वकिलाच्या टेबलावर वाळवलेल्या जर्दाळूंची वाटी असते.
"घ्या," तो म्हणतो, वाईट बातमीच्या आधी.
मी आता त्या वाटीलाच घाबरते.

रेनान्ते शेजारी बसलाय, गुडघे टेबलाला टेकलेत.
बत्तीस वर्षांचा घोडा. दिवसभर फ्रेस्नोतल्या म्हाताऱ्यांना
ऑपरेशननंतर पुन्हा चालायला शिकवतो :
आधी टाच, मग चवडा. घाई नको, आजोबा.
त्याच्या व्हिसाची सहा वर्षं सप्टेंबरअखेर संपतात.
दवाखाना विकला गेला. नव्या मालकांनी
त्याच्या ग्रीन कार्डाचं प्रकरण विचाराधीन ठेवलं
आणि विचार काही केला नाही.

वकील पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने रस्ते काढतो.
पुन्हा विद्यार्थी व्हा. म्हणजे जे पोर शिकवू शकतं
तेच पैसे भरून शिकायचं.
नाहीतर कॅनडा. तिथे कोण आहे आपलं? बर्फ.
नाहीतर इलोइलोला परत,
आणि माझ्या अर्जाच्या रांगेत तिथून उभं राहायचं.

माझा अर्ज. भरून नऊ वर्षं झाली.
रांग एखाद्या महिन्यात आठवडाभर सरकते,
कधी जागची हलत नाही,
कधी चक्क मागे जाते.
रांग मागे कशी जाते, रात्रपाळीच्या एका डॉक्टरला मी विचारलं.
तो हसला. त्याचा जन्म इथला.

"मी नागरिक झाले तर?"
(शपथेसाठी निळा ड्रेस घेऊन ठेवलाय, लेबल अजून काढलं नाही.)
"तुमच्या देशापुरती नागरिकांच्या मुलांची रांग
याहून लांब आहे, बाई."
म्हणजे मी एक पायरी चढले की पोरगा दोन पायऱ्या खाली.
जुन्याच रांगेत राहू द्या, असं लेखी मागता येतं म्हणे;
म्हणजे आणखी एक अर्ज.
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"आणि लग्न?"
हे रेनान्तेने विचारलं, कागदाकडे बघत.
"लग्न केलंत तर आईंचा अर्ज त्याच दिवशी संपला."
डेल्फिना खाली गाडीत बसलीय.
पार्किंगवाला दंड लावेल म्हणाली, म्हणून वर आली नाही.
तिचाही व्हिसा याच्यासारखाच,
फक्त दोन वर्षांनी तरुण.

कायद्याचं मूल एकविसाव्या वाढदिवसापर्यंतच मूल असतं.
माझे कागद हातात आले तेव्हा हा
एकवीस वर्षं अकरा दिवसांचा होता.
मुली माझ्याबरोबर विमानात बसल्या.
हा काचेपलीकडे उभा, माझी जादा वजनाची पिशवी
परत घरी न्यायला.
हे सगळ्यांना माहीत आहे.
कुणाला न सांगितलेलं ते असं :

हा एकोणीस दिवस आधी जन्मला.
सासू नको म्हणत होती, तरी बाजारात मी
मासळीची टोपली उचलली. एकच.
रात्री कळा सुरू झाल्या.
सुईण म्हणाली, घाईचा आहे, सगळ्यांच्या पुढे जाईल.
आम्ही खूश. तिला कोंबडी दिली.

ती टोपली तिथेच राहिली असती
तर आठ दिवस शिल्लक उरले असते.
वजाबाकी मी डब्याच्या झाकणावर करते,
औषधांच्या ट्रॉलीवर, चर्चमध्ये.
एकोणीसातून अकरा गेले.
उत्तर बदलत नाही.

वकिलाने कागद उलटा केला, फी सांगितली.
रेनान्तेने वाटीतून एक जर्दाळू उचलला,
टिश्यूत गुंडाळून खिशात ठेवला, खालच्या माणसासाठी.
जिन्यात माझा गुडघा दुखला तेव्हा कोपराला त्याचा हात :
"आधी टाच, नानाय."

गाडीपाशी आलो. मीटरमध्ये बावीस मिनिटं उरली होती.
पैसे भरलेलेच होते.
तिघं बसून राहिलो.