भांगाच्या दोन बाजू

नळ्या दोन, बाई एकच.
निळ्या झाकणाखाली आधीपासूनच औषध आहे थोडं,
रक्ताला दटावून ठेवणारं: साकळायचं नाही.
तांबड्या झाकणाखाली काही नाही, नुसती काच.
तिथं रक्ताला कुणी काही सांगत नाही.

मी नुरजिहान. इझमीरला, कारशीयाकात,
दुसऱ्या मजल्यावर लोकांचं रक्त फिरवते.
खाली तिळाची कडी विकणारा ओरडत असतो
आणि यंत्र सुरू झालं की त्याचा आवाज बुडतो.

मुअल्ला हानीमने धक्क्यावरच्या खिडकीत
सत्तावीस वर्षं बोटीची तिकिटं दिली.
ती म्हणते, केस वाऱ्याने नेले.
डॉक्टर तुंजाय म्हणतात, थायरॉईड, वय आणि तुमची आई.
"दोन्हींतलं चांगलं कुठलं, तेवढं सांगा," ती म्हणाली.
ते म्हणाले, "अर्ध्या डोक्याला हे, अर्ध्याला ते.
सहा महिन्यांनी तुमचा भांगच सांगेल."

निळीतलं मी दोनदा फिरवते, जोरात.
वर उरतं ते लिंबाच्या फुलांच्या चहासारखं, पिवळट, पातळ.
त्याला घाई नसते. डॉक्टरांचा फोन संपेपर्यंत
ते ट्रेमध्ये शहाण्यासारखं पडून राहतं.
तांबडीतलं एकदाच, हळू.
पण मग पळा! दहा मिनिटं, फार तर बारा,
नाहीतर सुईतच जेली.

"पहिलं डोक्यात शिरलं की सगळं एकदम देऊन टाकतं,
दुसरं जाळं विणतं आणि आठवडाभर थोडं थोडं सोडतं,"
मी समजावलं, जसं सगळ्यांना समजावते.
ती म्हणाली, "पगार झाल्या संध्याकाळचा माझा नवरा,
आणि पदराच्या गाठीतली मी."

सुया टोचताना ती डोळे मिटून बोटींची नावं घ्यायची.
डावीकडे अकरा नावं लागायची, उजवीकडे चौदा.
का, ते मला विचारू नका.

तिसऱ्या वेळी डॉक्टर खाली अडकले,
कुणाची तरी गाडी दारात लावलेली.
वर आले तेव्हा तांबडी नळी गप्प झाली होती.
मी उलटी धरली, काही पडलं नाही.
मुअल्ला हानीमने हात पुढे केला.
हातमोज्यावर तो गोळा ठेवून मी तिला दाखवला,
अजून कोमट, मध्ये पिवळा, कडेला लाल,
श्वास घेतल्यासारखा हलणारा.
"हे मी?"
"तुम्हीच."
"मला वाटलं होतं, एव्हाना माझं सगळं पातळ झालंय."

पुन्हा रक्त काढायला शीर सापडेना.
दोन्ही कोपरांत जांभळं झालेलं.
त्या दिवशी उजव्या बाजूलाही निळीतलंच गेलं.
मी वहीत तसं लिहिलं. डॉक्टरांनी सही केली.
तिनेही, चष्मा न लावता.

सहा महिन्यांनी भिंगाखाली मोजले,
नखाएवढ्या चौकोनात डावीकडे एकशे चार,
उजवीकडे एकशे सात.
"तीन केसांचा फरक म्हणजे फरक नाही," डॉक्टर म्हणाले,
"आणि मध्ये ते एकदा झालं, ते धरा."
ती जरा रुसलीच. तिला कुणीतरी जिंकायला हवं होतं.
एवढ्या सुया खाल्ल्यावर
बरोबरी घेऊन घरी जायचं म्हणजे काय?

मी म्हटलं, आधीपेक्षा दोन्हीकडे बरे आहेत.
"ते मला आरशात दिसतं," ती म्हणाली. "मी ते विचारलं नव्हतं."

जिन्यात काचेची खिडकी आहे, तिथं ती थांबली.
पर्समधून कंगवा काढला.
चाळीस वर्षं जिथं भांग होता तिथून तो मोडून
पार डाव्या कानाजवळ नेला,
उजवे केस डाव्यांवर आले, डावे खाली गेले,
आता मलाही ओळखता आले नसते.
खालून तिळाच्या कडीचा वास आला.
तिने दोन घेतल्या, एक वर माझ्यासाठी पाठवली.

ती खाताना नळ्यांच्या खोक्यावर
माझाच एक केस पडलेला दिसला, लांब.
झाकणांवर. निळं होतं की तांबडं, बघितलं नाही.