खुर्चीतून दहा वेळा

तेवीस वर्षं शेफील्डच्या ऑपरेशन थिएटरात
मी सर्जनच्या हातात करवत दिली.
लोकांचे गुडघे आतून पाहिलेत मी:
विरलेली कूर्चा, कडांना फुटलेले हाडाचे कोंब,
जुन्या पोळपाटासारखे खड्डे.
आता माझ्याच एक्स-रेवर ती ओळखीची चिंचोळी फट,
आणि माझ्या मुलाहून लहान फिजिओ, गॅरेथ,
म्हणतो, "फोटो म्हणजे दुखणं नव्हे, मिसेस व्ही."
(वैशंपायन त्याला पेलत नाही.)
"खुर्चीतून उठा. हात न टेकता. दहा वेळा."

मला हसू आलं. सातव्याला रडू.

बाबा चिडले की विचारायचे,
मेंदू गुडघ्यात आहे का तुझा?
असावा.
जिना दिसला की डोक्याआधी तोच हिशेब मांडतो:
पायऱ्या किती, कठडा कुठल्या बाजूला,
वर गेल्यावर बसायला मिळेल का.

मटारची गोठलेली पिशवी फडक्यात गुंडाळून
रोज संध्याकाळी गुडघ्यावर.
(तिची उसळ करायची नाही, मुकुंदला बजावून ठेवलंय.)
चार किलो उतरवले. एक दिवाळीत परत आला.
काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची,
हे ठाऊक असून महिनाभर मी उलटीच धरली.
देव टेबलावर आले, मी स्टुलावर.
त्यांची तक्रार नाही.

शेजारचा डेनिस, पोलादाच्या कारखान्यात जन्म काढलेला,
कुंपणावरून म्हणतो, "बदलून घे की. तू तर आतली माणूस."
आतली आहे, म्हणूनच घाई नाही.
लागलं तर उद्या करीनही; त्यात हार कसली?
गुडघे टेकायचे नाहीत, अशी माझी काही शपथ नाही,
मला ते टेकताच येत नाहीत.
पण मांडीत अजून थोडा जोर सापडतोय.
तो आधी खर्चून बघू दे.

आज वॉकलीचा चढ. ओला, करडा फेब्रुवारी.
वाटेत ज्या भिंतीला गेल्या महिन्यात पाठ टेकली होती
ती मागे पडली, हे मला पुढे गेल्यावर कळलं.
दुखलं? दुखलंच की. दहातलं चार.
लाल पोस्टपेटीपाशी पोचले.
टाकायला काहीच नव्हतं.
तिच्या गार डोक्यावर हात ठेवून
श्वास जागेवर येईतो उभी राहिले.

मग वळले. उतार.
दुखरा पाय आधी.