अंगणवाडी क्रमांक दोन, समुद्र

मी समुद्र एकदाच पाहिलाय,
गणपतीपुळ्याला, नणंदेच्या सहलीत,
तोही वीस मिनिटं, कारण बस निघायची होती.
एवढ्या भांडवलावर
रेणापूरच्या पोरांना शिकवायला घेतलंय.

अष्टपादाला आठ पाय असतात म्हटल्यावर
रेवणनं विचारलं, मंग चपला किती घ्याव्या लागत असतील?
जुन्या मोज्यांत कापूस कोंबून
आम्ही पायच भरत होतो तेव्हा.
बाकीची बारा पोरं हात थांबवून
माझ्याकडं बघत राहिली,
जणू शुक्रवारच्या बाजाराला
मलाच जायचं होतं.

कासवाला करवंटी, डोळ्यांना चिंचोके.
प्रवाळ म्हणजे तुराट्या, गेरूत बुडवलेल्या.
जेलीफिशला आपल्यात काय म्हणतात
मला ठाऊक नव्हतं.
कौसाबाई खिचडी ढवळता ढवळता म्हणाल्या,
छत्री म्हणा की.
म्हणून ती छत्री:
खताच्या पोत्यातली आतली पिशवी,
खाली लोकरीचे दोरे, वर आढ्याला सुतळी.
पंखा लावला की पोहते.
लाईट गेली की
आहे तिथंच लोंबते, विचार करत.

देवमासा दारात मावेना.
मग चुन्याची फक्की घेऊन रस्त्यावर.
शेपूट पिठाच्या गिरणीपाशी,
तोंड पाराला टेकलेलं,
मोठ्या माणसाची चाळीस पावलं.
पोरांना विसाच्या पुढं येत नाही,
म्हणून वीस, आणि परत वीस.
तेवढ्यात बिभीषण मामा
उसाची ट्रॉली घेऊन आले, करकचून ब्रेक:
काय काढलंय हे मधोमध?
इकरा पुढं झाली.
मासा हाय. जित्ता हाय. पोटावरून नेऊ नका.
आणि त्यांनी, खरंच सांगते,
इंजिन मागं घेतलं,
एक चाक नालीत घालून
शेपटाला वळसा मारून गेले.
जाताना तोंडातल्या तोंडात काही बोलले,
ते माशाला उद्देशून नव्हतं.

पर्यवेक्षिका आल्या त्या दिवशी
भिंतभर निळा कागद बघून वही उघडली.
या महिन्याचा विषय 'आपला परिसर' आहे ना?
हो म्हटलं.
समुद्र किती लांब आहे इथून?
मी खिडकीतून रेणा नदीकडं बोट केलं,
ती मांजरेत, मांजरा गोदावरीत, तिथून पुढं…
त्यांनी काहीतरी लिहिलं.
अक्षर लागलं नाही मला.

शंख मात्र आमच्याकडं खरे.
सोयाबीनच्या बांधावरून वेचलेले,
पांढरे, रिकामे, गोगलगायींचे.
हलवले की काळी माती गळते.
राजनंदिनी सहसा बोलत नाही.
तिनं एक कानाला लावला, काढला, वास घेतला.
मग म्हणाली,
बाई, आमच्या पप्पानं ह्यांच्यावर मीठ टाकलं. मंग मेल्या.
हो गं.
समिंदराचं पाणी खारट हाय म्हणलात.
हो.
मंग तिथल्या कामून मरत न्हाईत?

माझ्या बोटांना फेव्हिकॉल होता,
मी तो सोलत बसले.

रात्री पोराला विचारलं, अकरावी सायन्सला आहे.
तो मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला,
त्यांच्या अंगातलं पाणीही तितकंच खारट असतं,
आत तेवढं, बाहेर तेवढं,
मग मीठ काय ओढून घेणार?
निम्मं समजलं.
तेवढंच सकाळी तिला सांगितलं,
खाली बसून, तिच्या उंचीला येऊन:
तिथल्या लहानपणापासून
मीठ अंगात घेऊनच वाढतात.

ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली,
आमच्यावाल्यांना कुणी शिकवलंच नसंल.

आणि उठून तिनं
शंख निळ्या कागदाच्या तळाशी,
अष्टपादाच्या सहाव्या पायाजवळ ठेवला
(दोन पाय अजून भरायचे आहेत),
बाहेरून ओंजळभर माती आणली
आणि त्याच्या भोवतीनं पसरली,
समुद्रातच.
कौसाबाई झाडू घेऊन आल्या.
म्हटलं, तेवढं राहू द्या.