अपोलोनियाचे दात

उत्तनच्या चौकात, बर्फाच्या कारखान्यावर
माझा दवाखाना. खुर्ची एकच.
फेब्रुवारीत वाऱ्याबरोबर सुक्या बोंबलांचा वास आत येतो,
आणि आज मोकेलबाय आली, चोळीतून एक कार्ड काढत.
"ही आमची दातांची संतीण. टेबलावर ठेव.
फी कमी कर."

कार्डावर विशीतली गोरी पोर,
हातात पक्कड, पकडीत दात,
चेहऱ्यावर काही दुखल्याची खूण नाही.

"चित्र खोटं हाय. म्हातारी व्हती ती, माज्याएवढी,
बिनलग्नाची. अलेक्झांड्रियात,
तेपण दर्याकाठीच.
गर्दी घरात घुसली. जबड्यावर मारून मारून सगळे पाडले.
मग गावाबाहेर लाकडं रचली:
आम्ही सांगतो ते बोल, नायतर जळ."

मी मापाचा ट्रे शोधत होते.
ज्या तोंडून शब्द हवे होते
तेच आधी फोडलं त्यांनी.
बोलली असती तरी काय ऐकू आलं असतं?
नुसती हवा, थोडं रक्त.

"जरा हात सोडा, एवढंच मागितलं तिनं.
त्यांना वाटलं, नमली. सोडले.
तशी आपणच गेली आगीत.
पाद्री सांगतात, देवानं सुचवलं,
नायतर जीव देणं पाप.
मी म्हणते, तिला कोणी ढकललेलं नको व्हतं."

मग एक्स-रे.
वरचे पुढचे दोन. कीड नाही.
मुळं आत आडवी तुटलेली, फार जुनी,
हाडानं अजून धरून ठेवलेली.
"ओट्यावर पडले," ती म्हणाली.
थोड्या वेळानं, "बोटीतून."
कार्डपेपरावर मी दोन्ही लिहिलं नाही.

इंजेक्शन दिलं. हनुवटी धरली.
"जरा हात सोड."
उठली. खिडकीशी गेली.
खाली वलांड्यांवर बोंबील, चोचीत चोच अडकवून टांगलेले,
बघत राहिली.
मला वाटलं, गेली ही.
परत आली, लुगडं सावरून बसली,
आणि आपणहून तोंड उघडलं.

मुळं निघाली, चिंचोक्याहून लहान.
मी टाकणार, तर तिनं हातानंच कागद मागितला,
पुडी बांधली, चोळीत ठेवली, कार्ड होतं तिथं.

दारात बोळा गालात सरकवून म्हणाली,
"नऊ तारखेला तिच्या पायाशी ठेवीन.
तिचे दात म्हणं देशोदेशीच्या देवळांत हायत,
मोजले तं एका तोंडात मावायचे नाय.
त्यांत हे माजे दोन.
कोण वळखतंय."